काळा डायलचा फोन: इंग्लंडचा का आयटीआयचा, ओळखायचं कसं?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. मामांच्या साखर पेठेतल्या वाड्याची आवराआवर चाललीय, माळ्यावर दोन डायलचे फोन निघाले. दोन्ही काळे, लांबून जुळे भाऊच वाटतात पण हातात घेतले की फरक कळतो. एक लई जड, पुढं खाली छोटा ड्रॉवर, रिसीव्हरची वायर कापडी आणि डायलवर आकड्यांसोबत एबीसीडी पण आहे. दुसरा हलका, कडा गोलसर, वायर कर्ली, बोटं घालायची चकती पारदर्शक प्लॅस्टिकची आणि बुडाला आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बेंगलोरची सरकारी फोन कंपनी) लिहिलंय. मामा म्हणतात भंगारात दे. माझा जीव होत नाही ओ. जड वाला इंग्रजांच्या काळातला असेल का?

जुनंतेसोनं_पुणे:
भंगारात अजिबात देऊ नका!! ड्रॉवरवाला म्हणजे ब्रिटिश ३०० टाइप, १९३७ पासूनचं डिझाइन, अंग बेकेलाइटचं, म्हणजे जुन्या जमान्यातल्या कडक प्लॅस्टिकचं. त्याच्या आधीचा १९२९ चा १६२ नंबरचा मॉडेल असतो, त्याच्या पोटात घंटी नसते, वेगळा डबा लागतो. तुमच्यात घंटी आतच असणार. दुसरा नंतरच्या काळातला, साध्या प्लॅस्टिकचा. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि लगेच वास घ्या, बेकेलाइटला औषधी उग्र वास येतो. गरम सुई लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कायमचा डाग पडतो.

लाइनमनचा_पोरगा:
दादा नुसत्या ड्रॉवरवरून ब्रिटिश म्हणता येणार नाही. बेंगलोरची आयटीआय १९४८ ला सुरू झाली तीच इंग्लंडच्या कंपनीशी करार करून, त्यामुळे सुरुवातीचा माल त्याच धाटणीचा. आणि दुसरी गोष्ट लई महत्त्वाची. फोन तेव्हा गिऱ्हाइकाचा नसायचाच, डाक-तार खात्याचा असायचा. आमचे वडील लाइनमन होते, डायल बिघडली की पिशवीतली दुसरी बसवायची, रिसीव्हर तडकला की दुसऱ्या फोनचा लावायचा आणि पुढच्या घरी जायचं, कुठली कंपनी कुठलं साल कोण बघतंय. म्हणून अख्ख्या फोनचं वय विचारू नका, अंग, रिसीव्हर, डायल, वायर प्रत्येकाचं वेगळं बघा. बुड उघडून पत्र्यावरचा शिक्का बघा, रिसीव्हरच्या दांड्यावर आतून १६४ (ब्रिटिश रिसीव्हरचा मॉडेल नंबर) कोरलंय का बघा. आणि असा मिसळलेला फोन खोटा नसतो ओ, तो खरंच वापरात होता म्हणून तसा झालाय. मला तर तोच जास्त आवडतो.

डायलवरची अक्षरं पण नीट वाचा. ६ जवळ फक्त एम आणि एन असून ओ शून्यावर असेल तर डायल ब्रिटिश पद्धतीची. ६ जवळच एमएनओ तिन्ही असतील तर अमेरिकन पद्धत.

बाळीवेस_७७:
विषय निघालाय म्हणून विचारतो, चकाचक पितळी फोन अँटिक म्हणून विकतात ते खरे असतात का?

जुनंतेसोनं_पुणे:
बहुतेक शोभेचे, नवे बनवलेले. चकतीच्या भोकात बोट घाला, आत दाबायचं बटण लागलं आणि चकती फिरलीच नाही तर समजून जा.

होटगीरोडकर:
जड वाला बघितला! ६ वर एम एन, ओ शून्यावर. रिसीव्हरवर १६४ आहे. पण बुडाच्या पत्र्यावर आयटीआयचा शिक्का. म्हणजे लाइनमनदादा म्हणतात तसंच मिसळलेला दिसतोय, आता तर अजिबात देणार नाही. चालू होईल का? घरी फायबर आहे.

लाइनमनचा_पोरगा:
भारीच की! आधी डायल तपासा. शून्य पूर्ण फिरवून सोडा, एका सेकंदात परत आली पाहिजे. डायल परत येताना तारेवर विजेचे ठोके जातात, शून्याचे दहा ठोके असतात आणि वेग सेकंदाला दहा. रेंगाळली तर आत धूळ आणि वाळलेलं तेल आहे, खोबरेल घालू नका, घट्ट होऊन बसतं. फायबरच्या बऱ्याच मोडेमना हे ठोके कळत नाहीत, पल्स टू टोन कन्व्हर्टर, म्हणजे ठोक्यांचे बटणाच्या फोनसारखे सूर करणारा डबा, मधे लावावा लागतो. आलेला फोन मात्र बहुधा वाजेल. घंटीच्या वेळी तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, तेव्हा बुड उघडं ठेवून आत हात घालू नका. आणि ती कापडी वायर नवीन बदलून टाकायच्या भानगडीत पडू नका, आतली तार तुटली नसेल तर तशीच राहू द्या.