कोल्हापुरातल्या छोट्या मंडळीचं (चर्चचं) सभासद व्हायचं आणि हातभार लावायचा तर नेमकं काय करावं?

नवीन_शाहूपुरी विचारतात:

नमस्कार. बदलीमुळे आम्ही सहकुटुंब पुण्याहून कोल्हापूरला आलो आहोत. आधीची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) होती, इथलीही सीएनआयचीच आहे, पण अगदी लहान. एरवीच्या रविवारी चाळीस-पंचेचाळीस माणसं, नाताळला दुप्पट. नुसतं येऊन बाकावर बसायचं नाही, रीतसर सभासद व्हायचं आहे. प्रश्न असे:

नाव इकडे कसं आणायचं? दर महिन्याला किती द्यावं आणि कुठल्या मार्गाने? पैशाशिवाय खरी गरज कशाची असते? छप्पर गळतंय, तर त्यासाठीच एकरकमी दिलेलं चालेल का? आणि माझा भाऊ अमेरिकेत एपिस्कोपल चर्चमध्ये (अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं तिकडचं चर्च) जातो. त्यालाही इथे मदत पाठवायची आहे, ती कशी पाठवावी?

मिरजकर_मावशी:

ताई, आधी नावाचं बघा, बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

पुण्याच्या पाळकसाहेबांकडून बदलीपत्र मागा. त्यात घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याची तारीख आणि 'वर्गणी अमुक महिन्यापर्यंत भरलेली आहे' हे वाक्य हवंच. शेवटचं वाक्य लोक विसरतात आणि मग महिनाभर पत्रांची ये-जा होते. पत्र इथल्या पाळकांच्या हाती द्या, ते पास्टरेट कमिटीपुढे (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीपुढे) ठेवतील, मंजूर झालं की रजिस्टरला नोंद होईल. नोंद झाली का, हे स्वतः विचारा. उपासनेत नाव वाचून स्वागत झालं म्हणजे रजिस्टरला चढलंच असं नव्हे.

पुण्यातलं नाव कमी झाल्याचीही खात्री करा. दोन्हीकडे नाव राहिलं तर मतदार यादीच्या वेळी कुणीतरी हरकत घेतंच. वार्षिक सभेत मत द्यायला प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेणारे सभासद असावं लागतं आणि वर्गणीची थकबाकी चालत नाही. यादी सभेच्या किती दिवस आधी बंद होते ते डायोसिसच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) नियमांत लिहिलेलं असतं, सेक्रेटरींकडून ते पान वाचून घ्या. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या प्रती आत्ताच देऊन ठेवा, दृढीकरणाच्या वर्गाच्या वेळी धावपळ होत नाही.

आणखी एक. सीएनआय म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात एकत्र आलेल्या सहा चर्चेसचं घर. कोल्हापुरात १८५२ पासून अमेरिकन मिशनचं काम, त्यामुळे इथे प्रेस्बिटेरियन (बिशपांऐवजी निवडलेल्या वडीलजनांनी कारभार चालवण्याचं) वळण जुनं आहे. बिशप आहेत, पण अँग्लिकन सवयीच्या माणसाला काही गोष्टी वेगळ्या वाटतील. कुठे गुडघे टेकतात, कुठे बसून प्रार्थना. कुठे एकच पेला, कुठे छोटे छोटे पेले. 'आमच्याकडे असं नव्हतं' हे वाक्य पहिलं वर्षभर तोंडातून काढू नका, एवढंच सांगते.

हिशेबवही:

पैशाबद्दल. लहान मंडळीला मोठ्या देणगीपेक्षा ठरलेली रक्कम जास्त उपयोगी पडते. कारण खर्च ठरलेले असतात: डायोसिसला भरायचा हिस्सा (पाळकांचा पगार बहुधा त्यातूनच निघतो), वीजबिल, पाणीपट्टी, झाडलोट करणाऱ्याचा पगार, मेणबत्त्या-फुलं, संडे स्कूलची पुस्तकं. समजा हे सगळं महिन्याला २४ हजार होतं आणि नियमित देणारी घरं २० आहेत. म्हणजे घरटी १,२०० पडतात. प्रत्यक्षात चार घरं पेन्शनवर असतात, दोघांची नोकरी गेलेली असते, त्यामुळे ज्याला जमतं त्याने दोन-अडीच हजारांचा विचार करावा. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं) हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आकडा काहीही असो, तो एप्रिलमध्येच खजिनदाराला सांगून टाका. त्याला अंदाजपत्रक त्यावर बांधता येतं. पावसाळ्यात हजेरी घटते तसं अर्पणही घटतं, वीजबिल मात्र घटत नाही.

मार्ग: बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. क्यूआर कोडवर देत असाल तर स्कॅन केल्यावर खातेदाराचं नाव काय येतं ते बघा. चर्चचं किंवा ट्रस्टचं नाव आलं तर ठीक. खजिनदाराचं वैयक्तिक नाव येत असेल तर माणूस कितीही सज्जन असो, तिथे पैसे टाकू नका. खजिनदार बदलला की तो हिशेब कुणालाच लागत नाही. शेरा लिहा: 'वर्गणी जून' किंवा 'छप्पर'. शेरा नसलेली रक्कम सर्वसाधारण निधीत जाते आणि मग वर्षाअखेरीला कुरबुर.

छप्परासाठी वेगळं दिलेलं चालतं, पण सोबत दोन ओळींचं पत्र द्या, की रक्कम छप्पर दुरुस्तीसाठी आहे, उरल्यास इमारतीच्या इतर दुरुस्तीला वापरावी. हे 'उरल्यास' लिहिलं नाही तर उरलेले आठ हजार वर्षानुवर्षं ताळेबंदात पडून राहतात, कुणाला हात लावता येत नाही.

पावती घ्याच. छापील अनुक्रमांक आणि ट्रस्टचा नोंदणी क्रमांक असलेली. ८०जी च्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या, भरवशावर मात्र राहू नका. एका विशिष्ट धर्मसमाजासाठीच असलेल्या संस्थेला ती सवलत साधारणपणे मिळत नाही. जिथे मिळते तिथेही दोन हजारांवरची रोख चालत नाही आणि नव्या करप्रणालीत असाल तर विषयच संपला.

आता अर्पणाची मोजणी, कारण नवीन माणसाला हेच काम लवकर मिळतं. उपासना संपल्या संपल्या, त्याच खोलीत, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजायचं. ५००, २००, १००, ५० अशा नोटा आणि नाणी वेगवेगळी लिहायची, बेरीज, दोन सह्या, मग पिशवी. सोमवारी ती रक्कम जशीच्या तशी बँकेत. फुलवाल्याचे दीडशे त्यातून द्यायचे नाहीत, त्याला वेगळी किरकोळ रोख ठेवायची. दीडशेची बाब क्षुल्लक दिसते, पण चिठ्ठीवर ३,४२० आणि बँकेत ३,२७० असं बावन्न वेळा झालं की ऑडिटर मंडळीलाच प्रश्न विचारतो आणि खजिनदार राजीनामा देतो. छोट्या मंडळीत दुसरा खजिनदार मिळत नाही हो.

कौलारू:

छप्पर म्हणजे मंगलोरी कौलंच असणार, असं धरून लिहितो.

गळती शोधायची वेळ म्हणजे पाऊस चालू असतानाच. टपटप जिथे पडतंय त्याच्या वर भोक नसतं. पाणी वाशावरून किंवा रिपेवरून (कौलांखालच्या लाकडी पट्टीवरून) घसरत खाली येतं आणि मग पडतं. आतून शिडी लावून ओल वरच्या बाजूला कुठवर गेली आहे ते बघा, तिथे खडूने खूण करा, फोटो काढा. काम मात्र एप्रिल-मे मध्ये, मृगाच्या आत. वळवाचा भरवसा नाही, म्हणून एका दिवसात झाकता येईल एवढाच भाग उघडायचा.

कारणं नेहमीची: सरकलेलं कौल, फुटलेलं कौल, आढ्यावरच्या कोन्यांचा (आढं झाकणाऱ्या कौलांचा) तडकलेला गिलावा, पन्हळीत अडकलेली पानं, आणि वाळवीने खाल्लेली रीप. शेवटचं सगळ्यात वाईट. रीप बसली की चार ओळी कौलं एकदम खाली येतात. आढ्याला निव्वळ सिमेंट भरू नका. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात तीच भेग. चुन्याचं प्रमाण जास्त ठेवलेला गिलावा टिकतो. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीला आतून सिमेंट प्लास्टर आणि ऑइलपेंट मारला की ओल भिंतीतच कोंडते आणि खालून रंगाचे पोपडे सुटतात. तेही कुणी सुचवलं तर थांबवा.

कौलं एका ब्रासला (शंभर चौरस फुटांना) साधारण दीडशे लागतात, फुटतूट धरून दहा टक्के जादा आणा. पण आधी एक नमुना जुन्यावर बसवून बघा. कारखान्यागणिक साचा वेगळा, खाच जुळत नाही, आणि न जुळलेल्या खाचेतून वाऱ्याचा पाऊस सरळ आत. उपाय साधा आहे. दोन्ही उतारांवरची शाबूत जुनी कौलं काढून एका उतारावर लावा आणि दुसरा उतार पूर्ण नव्या कौलांचा करा. वर चढणाऱ्याने फळी टाकून चालायचं, नाहीतर दुरुस्तीलाच वीस कौलं फुटतात. निळा प्लास्टिक कागद कौलांखाली कायमचा राहू द्यायचा नाही. खालच्या लाकडाला वारा लागत नाही, ते कुजतं.

पन्हळ जूनच्या आधी आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर साफ. हे दोन तासांचं काम आहे, तरुण संघाने करावं. पण कुठल्याही खोदकामाआधी, भिंत पाडण्याआधी डायोसिसची लेखी परवानगी. त्याचं कारण पुढे कुणीतरी सांगेलच.

बावडेकर:

सांगतो की. परवानगी कारण जागा बहुतेक वेळा स्थानिक मंडळीच्या नावावर नसतेच. प्रॉपर्टी कार्डावर एखाद्या मोठ्या ट्रस्टचं नाव असतं. सिटी सर्व्हे ऑफिसातून उतारा काढून ठेवा, खर्च किरकोळ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६: ट्रस्टची जागा विकायला, बक्षीस द्यायला, किंवा इमारत, बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन असेल तर दहा वर्षांपेक्षा जास्त. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज. छोट्या मंडळ्या इथेच अडकतात. जुन्या विश्वस्तांपैकी दोघं वारलेले, बदल अर्ज झालेलाच नाही, आणि बँक सह्या बदलून देत नाही. तुम्हाला कागदाची सवय असेल ताई, तर कॉयरपेक्षा हे काम मागून घ्या. गाणारे मिळतात.

रजिस्टरांचंही बघा. बाप्तिस्मा, विवाह, दफन अशी तीन. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तरी ती लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असू नयेत. वरच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट हवेत बुरशी धरते. मोबाइलने पानागणिक फोटो काढायला दोन माणसांना एक शनिवार पुरतो. फोटोंची एक प्रत पाळकांकडे, एक सेक्रेटरींकडे, आणि ते फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्यात लोकांच्या घरच्या गोष्टी असतात.

अटलांटिकपार:

भावाचं जरा नीट समजून घ्या, इथे चूक महागात पडते.

त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या) दृष्टीने ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पासपोर्टची प्रत आणि त्याचं पत्र फाइलला ठेवा. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असलं तरी ते परदेशी योगदानच. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. नोंदणी असलेल्या एका संस्थेने ते दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. 'भावाने तुमच्या खात्यात टाकायचे, तुम्ही चर्चला द्यायचे' असं कुणीतरी सुचवेलच. ते करू नका. आणि भारतातल्या चर्चला थेट दिलेल्या देणगीवर त्याला अमेरिकेत करसवलतही मिळत नाही.

त्यापेक्षा त्याने तिकडची मंडळी सांभाळावी. लहान एपिस्कोपल पॅरिशची दुखणी आपल्यासारखीच आहेत. शरद ऋतूत प्लेज कार्ड भरून पुढच्या वर्षी किती देणार ते सांगायचं, त्यावर व्हेस्ट्री (तिकडची कारभार समिती) अंदाजपत्रक करते. दोन वॉर्डनपैकी ज्युनिअर वॉर्डनकडे परंपरेने इमारत असते, म्हणजे तिकडचे 'कौलारू'! तिकडच्या नियमांत 'कम्युनिकंट' (प्रभुभोजन घेणारा सभासद) धरायला मागच्या वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेलं असावं लागतं, आणि बदलीपत्राची पद्धत तिकडेही आहे. सीएनआय अँग्लिकन कम्युनिअनमध्ये असल्यामुळे भाऊ सुट्टीला आला तर इथे प्रभुभोजन घ्यायला काही अडचण नाही.

मिरजकर_मावशी:

पैशाशिवाय काय, हे राहिलंच. वेदीचं कापड. द्राक्षरसाचा डाग पडला तर लगेच गार पाण्यात. गरम पाणी घातलं की डाग पक्का. मेण सांडलं असेल तर वाळून कडक होऊ द्या, बोथट सुरीने खरवडा, मग दोन्ही बाजूंना कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री. अँग्लिकन रीत अशी, की पेला आणि कापड पहिल्यांदा विसळलेलं पाणी मोरीत न ओतता झाडाच्या बुंध्याशी ओततात. इथे पाळत असतील तर तसंच करा.

उपासनेतल्या बायबल वाचनाची यादी महिन्याची एकदम करा आणि वाचणाऱ्याला गुरुवारी फोन. रविवारी सकाळी पुस्तक हातात दिलं की 'नबुखद्नेस्सर'सारख्या नावावर गाडी अडते. आणि वयस्कर माणसांची ने-आण. दोन घरांमागे एक रिक्षा ठरवून दिली तर पावसाळ्यातली हजेरी टिकते. हा खर्च मंडळीने करावा, लाजून कुणी मागत नाही.

नवीन_शाहूपुरी:

सगळ्यांचे आभार. बदलीपत्राचा अर्ज आज पाठवते. कापणीच्या सणाच्या लिलावाचा (अर्पण म्हणून आलेल्या वस्तूंच्या) हिशेब लिहायला मला बसवणार आहेत असं कानावर आलंय. काही सूचना?

हिशेबवही:

बोली भावनेच्या भरात लागते. एका लिंबाला हजार, गुळाच्या ढेपेला तीन हजार, टाळ्या, आणि मग वसुली डिसेंबरपर्यंत. म्हणून वस्तू हातात देण्याआधी नाव, रक्कम आणि 'रोख / क्यूआर / उधार' असे तीन रकाने भरा. लिलाव पुकारणारा आणि लिहिणारा वेगळा. उधारी त्याच दिवशी बेरीज करून पाळकांना दाखवा आणि पुढच्या तीन रविवारची मुदत द्या. नावं वाचून दाखवायची नाहीत, फोन करायचा. एकाच घरातल्या दोघांनी एकाच कोंबडीवर एकमेकांविरुद्ध बोली लावली तर आकडा लिहिण्याआधी एकदा विचारून घ्या, दोघांना माहीत नसतं. कोंबडी, दूध, पालेभाजी आधी काढा, ऊस, नारळ, गूळ शेवटी. उन्हात पालेभाजी सुकली की बोली निम्म्यावर येते.