मदत हवी आहे: ताणामुळे आईची प्रतिकारशक्ती कमी झाली असेल का?

ठाणेकर_लेक: आईला दिवाळीनंतर नागीण झाली. ती बरी होते न होते तोच खोकला. आता पायाला विळी लागली, ती जखम भरतच नाहीये. डॉक्टर म्हणाले "टेन्शन घेऊ नका" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. टेन्शनने एवढं होतं का? लवकर सांगा प्लीज.

गप्पिष्ट: वय? शुगर? नागीण कुठे उठली होती?

आजीचा_बटवा: गुळवेलीचा काढा द्या. आमच्या सासूबाई ८२ च्या, साधं पडसं नाही. नागिणीवर गेरू लावला होता ना? तोंड-शेपूट जुळलं की संपलं.

कडू_कारलं: काही जुळत नाही नि संपत नाही. नागीण बहुधा एकाच बाजूला, नसेच्या (मज्जातंतूच्या) पट्ट्यात उठते. आणि गुळवेलीने यकृत बिघडलेल्या केसेस मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात.

आजीचा_बटवा: भलतीच वेल खाल्ली असणार. आयुष मंत्रालयाने खुलासा केला होता तेव्हा.

ठाणेकर_लेक: भांडू नका हो. वय ७१, शुगर नॉर्मल, नागीण कमरेला. बाबांना अल्झायमर आहे. रात्री दार उघडून निघतात, म्हणून आई कडीला घुंगरू बांधून दाराशीच गादी टाकते. पण प्रश्न आईचा आहे.

कडू_कारलं: अहो, मग आणखी कुठला ताण हवा! ओहायो स्टेट विद्यापीठाने १९९५ मध्ये हेच तपासलं. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अशा लोकांत फ्लूच्या लशीचा परिणामही कमी दिसला. उतारवयात टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आधीच मंदावतात, त्यात सततचा ताण. कांजिण्यांचा विषाणू नसांत दबा धरून बसलेलाच असतो, तोच पुन्हा जागा होऊन नागीण उठवतो.



गप्पिष्ट: @कारलं, तेरा-तेरा बायकांचा अभ्यास तो. सगळं ताणावर ढकलू नका. ताई, गोळ्या कुठल्या चालू आहेत?

ठाणेकर_लेक: गुडघ्याच्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या. पाकीट कापलेलं आहे, नुसतं "...सोलोन" वाचता येतंय.

गप्पिष्ट: स्टेरॉइड दिसतंय! तेही प्रतिकारशक्ती दाबतं, जखम रेंगाळते. पण मनाने एकदम बंद करू नका, पाकीट घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. आणि बाबांसाठी रात्रीची बाई बघा.

आजीचा_बटवा: रात्रीच्या बाईचे दर माहितीयेत का तुम्हाला?