बुकमार्कलेट लावून दुबार नोंदी काढणारा कामचोर काहून?

ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, घाटंजी तालुका: काल इथं कोणी लिहिलं, "बुकमार्कलेट लावून नोंदी हटवणारा परिचालक कामचोर." वाचून रात्रभर डोक्यात तेच. नेट मधातच तुटलं अन् नमुना ८ ची (गावातल्या घरांच्या करआकारणीच्या नोंदवहीची) फाईल दोनदा चढली. ४१२ नोंदी दुबार. प्रत्येकीले 'हटवा', मग 'खात्री आहे का?', मग 'होय'. दोन रात्रीत ९० झाल्या, मनगट सुजलं. भाच्यानं चार ओळींचं जावास्क्रिप्ट (ब्राउझरात चालणारा कोड) बुकमार्कच्या पत्त्यात टाकून देलं, तेच बुकमार्कलेट. आधी छापील यादीवर लाल पेनानं खुणा केल्या, पानावर त्याच ओळी टिक केल्या. बुकमार्कलेट फक्त बटन दाबते. २५ नोंदींचं पान बदललं की थांबते, पुन्हा दाबावं लागते. डोळे माह्येच आहेत, राजेहो.

ग्रामसेवक, दर्यापूर: 'खात्री आहे का' हाच शेवटचा बांध आहे, आणि तुम्ही तोच फोडता. माझ्या गावात दोन भावांची वाटणी झाली होती. घर ११८ आणि ११८-अ, बापाचं नाव एकच, यादीत दोघेही सारखे दिसले. एकाची नोंद दुबार म्हणून उडाली. घरकुलाच्या वेळी म्हातारा जुन्या करपावत्या पिशवीत घेऊन माझ्या दारात बसला. त्याला काय सांगायचं?

परिचालक, घाटंजी तालुका: ते हातानं उडवली होती का स्क्रिप्टनं?

ग्रामसेवक, दर्यापूर: हातानं. पण चूक एकाच नोंदीत झाली, चारशेत नाही.

एमसीए विद्यार्थी, अमरावती: बुकमार्कलेट उघड्या पानाच्या आत, तुमच्याच लॉगिनच्या अधिकारानं चालतं. सर्व्हरला ते तुमचंच बोट वाटतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोड न वाचता कधीच टाकू नका.

परिचालिका, धारणी: लॉगिनचं निघालंच आहे तर ऐका. पासवर्ड ग्रामसेवक साहेबांचा, चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली, बसायचं आम्ही. चूक झाली की "परिचालकानं केलं". चार महिन्यांचं मानधन थकलंय, वरून जबाबदारीही आमचीच?

ग्रामसेवक, दर्यापूर: तीन गावांचा कारभार एकटा पाहतो मी! प्रत्येक क्लिकला शेजारी बसू?

परिचालिका, धारणी: मग पासवर्ड देऊ नका. नोंद तुमच्या नावानं उडते, म्हणून बसावंच लागेल.

परिचालक, घाटंजी तालुका: ताई बरोबर बोलल्या. माह्या त्या ४१२ नोंदीही साहेबांच्याच लॉगिनवरून गेल्या. ते चुकलंच माह्यं.

ग्रामसेवक, दर्यापूर: ठीक. टिक केलेल्याच ओळी, आधी पूर्ण यादीची पीडीएफ, आणि वाटणीच्या घरांना स्क्रिप्ट लावायचं नाही. एवढं असेल तर माझा विरोध नाही. पण पहिल्या पानाला 'खात्री आहे का' चालू ठेवा.

परिचालक, घाटंजी तालुका: ठेवतो. 'अ' लागलेली घरं हातानंच काढीन.

परिचालिका, धारणी: आणि मानधनाचं?