मदत हवी आहे: डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यावर मराठीत काही मिळेल का?

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या आमच्या वाचनालयात ६ फेब्रुवारीला शाळेच्या पोरांसमोर डॉ. उपाध्यांवर बोलायचं आहे. प्राकृतचा एवढा मोठा पंडित, १९०६ साली आपल्या सदलग्यात जन्मला आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत राहिला, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? त्यांनी संपादित केलेल्या, ७७९ सालच्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथाग्रंथात बाजारातला मराठी माणूस येतो: बुटका, दणकट, सावळा, सोशिक, पण मानी आणि भांडखोर. पोरं खूश होतील! मात्र त्यांच्या प्रस्तावना इंग्रजीत. मराठीत चरित्र, जुना लेख, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी कुणाकडे आहेत का? पानांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवलेत तरी चालेल.