जुनी बॉक्स्टर एस (९८६) घेताना काय तपासावं आणि किती पैसे बाजूला ठेवावेत?

थेम्सकाठ:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळ एक पोर्शे बॉक्स्टर एस विकायला आहे. ९८६ मालिका, २००२ सालची, ३.२ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल, ७८,००० मैल, मागणी ७,५०० पौंड. सर्व्हिस बुकात २०१७ पर्यंतचे शिक्के आहेत, पुढचं काहीच नाही. क्लच कधी बदलला, आयएमएस बेअरिंग बदललं का, याचा कागद नाही. गाडी वर्षाला चार-पाच हजार मैल चालेल आणि रस्त्यावर झाडाखाली उभी राहील. बघायला जाताना नेमकं काय तपासू? आणि किमतीवर आणखी किती पैसे हाताशी हवेत?

वंगणवेडा:
आधी आयएमएस. इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) असतो, तो क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टपर्यंत नेतो. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. काळानुसार सील झिजतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, पण इंजिनातलं ताजं तेल तिथे पुरेसं खेळत नाही. बेअरिंग मोडलं की शाफ्ट डगमगतो, टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणजे इंजिन गेलं. सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं. २००२ च्या गाडीत एका रांगेचं असतं आणि ते जास्त नाजूक. या बेअरिंगवरून पोर्शेविरुद्ध अमेरिकेत झालेल्या दाव्यानंतर एका रांगेच्या बेअरिंगचं बिघडण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के आणि दोन रांगांचं १ टक्क्याच्या आत असं सांगितलं जातं. कमी मैल झालेत म्हणून निश्चिंत राहू नका. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा नेमाने चाललेली, दरवर्षी तेल बदललेली गाडी केव्हाही बरी.

हे बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाताला लागत नाही. म्हणून क्लच किट, क्रँकशाफ्टचं मागचं तेलसील आणि आयएमएस ही कामं एकाच वेळी करायची, फ्लायव्हीलही तेव्हाच तपासून घ्यायचं. स्वतंत्र पोर्शे गॅरेजमध्ये सगळं मिळून साधारण १,५०० ते २,५०० पौंड धरा. कामं वेगवेगळी काढलीत तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा भराल.

नवं बेअरिंग बसवण्याआधी ऑइल फिल्टर काढून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून बघायला सांगा. तपकिरी प्लास्टिकचा चुरा साखळीच्या घसपट्ट्यांचा असतो. २००२ पर्यंतच्या पाच साखळ्यांच्या इंजिनात तो थोडाफार दिसणारच. पण चुंबकाला चिकटणारे लोखंडी कण दिसले तर बेअरिंगचा भुगा सगळीकडे पोचलाय असं समजा. त्या इंजिनात नवं बेअरिंग घालण्यात अर्थ नाही, गाडी सोडा.

ड्युरामेट्रिक (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टचं टायमिंगमधलं विचलन बघा. ते अधिक-उणे ६ अंशांच्या आत हवं. त्याच यंत्रात ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या, नोंदी दिसतात. दुसऱ्या टप्प्यातल्या नोंदी म्हणजे बहुधा कुणीतरी वरच्या गिअरऐवजी खालचा टाकलेला. त्या अलीकडच्या तासांतल्या असतील तर किंमत कमी करत बसू नका, दुसरी गाडी शोधा.

घाटमाथा:
आयएमएसच्या चर्चेत पाणी विसरलं जातं. या गाडीची अर्धी दुखणी तिथलीच.

इंजिन सीटांच्या मागे, वरून दिसत नाही. मागच्या डिकीत फक्त तेल आणि कूलंट भरायची तोंडं आहेत. तिथला गालिचा उचला. ओलसर असेल किंवा गोडसर वास येत असेल तर कूलंटची टाकी तडकलीय. वॉटर पंपाचा प्लास्टिकचा पंखा ठिसूळ होऊन तुटतो आणि त्याचे तुकडे थेट इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत जाऊन बसतात. शेवटचा कधी बदलला याचा कागद नसेल तर बदलायचाच. पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारून बघा. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामध्ये पानं साचतात, ओली राहतात आणि दोन्ही कुजवतात.

गाडी थंड असतानाच सुरू करायची अट घाला. सुरू होताना क्षणभर थोडा धूर आला तर तो आडव्या सिलिंडरांच्या इंजिनाचा स्वभाव. पण पांढऱ्या धुराचे ढग येत राहिले तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारा भाग) फाटलाय. खात्री करायची तर आयडलवर तेलाचं झाकण उघडून बघा, विलक्षण जोराने ओढलं जात असेल तर तोच दोषी. सुटा भाग फार महाग नाही, पण हात जायला जागा नाही. दुर्लक्ष केलं तर तेल सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन जाम होऊ शकतं.

आणि झाडाखाली गाडी ठेवणार असाल तर छताच्या मोऱ्या फार महत्त्वाच्या. छत अर्धं उघडून दोन्ही कोपऱ्यांत बघा. पानांनी बुजल्या की पाणी आत येऊन सीटखाली साचतं, आणि इमोबिलायझरचं (चोरी टाळण्यासाठी किल्ली ओळखणारं) युनिट तिथेच आहे. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही. युनिट आणि कोडिंग मिळून बिल बरंच होतं. मोऱ्या जाड नायलॉनच्या दोरीने साफ करा. हवेचा दाब मारू नका, आतली नळी निसटते.

२००२ च्या गाडीला मागची काच नसते, प्लास्टिक असतं. थंडीत छत उघडलंत तर ते तडकतं. उबदार दिवशीही छत अर्ध्यावर थांबवून घडी हाताने आत दाबून द्या.

हिशेबनीस:
वर दोघांनी लिहिलंय त्याला अनुमोदन. आता पैशांचं. दरवर्षी तेल-फिल्टर करा, मैल कितीही कमी होवोत. सव्वाआठ लिटरच्या आसपास ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० लागतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. मागचे टायर आतल्या कडेला आधी झिजतात, चाकामागे हात घालून चाचपा.

रोड टॅक्समध्ये तुमचा फायदा आहे. १ मार्च २००१ पासून २३ मार्च २००६ च्या आधीपर्यंत नोंदलेली गाडी कितीही धूर सोडत असली तरी के गटाच्या वर जात नाही. त्यानंतर नोंदलेल्या ९८७ ला (बॉक्स्टरची पुढची मालिका) हे लागू नाही, तिथे टॅक्स बराच चढतो. लंडनच्या यूलेझसाठी (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारी हद्द) टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक खात्याच्या, साइटवर नंबर टाकून बघा. गाडी नियमात बसत नसेल तर दिवसाला १२.५० पौंड, आणि २०२३ पासून हीथ्रोही त्या हद्दीत आहे.

घरबसल्या सरकारी साइटवर त्या नंबराचा एमओटीचा (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) इतिहास फुकट बघा. मैलांची साखळी जुळते का, सस्पेन्शन आर्म, मोडलेली स्प्रिंग, ब्रेकच्या गंजलेल्या नळ्या यांचे शेरे वर्षानुवर्षं तसेच आलेत का. तोच शेरा तीनदा दिसला तर मालकाने खर्च टाळलाय. २०१७ नंतर कागद नसलेल्या गाडीला मी ७,५०० देणार नाही. ५,५०० ला मिळाली तरी ३,००० ते ३,५०० पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा.

थेम्सकाठ:
मनापासून आभार. एक शंका राहिली: पुढे पुण्याला परतलो तर ही गाडी सोबत नेता येईल का?

हिशेबनीस:
नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर मोठं आयात शुल्क. परतायचा बेत पक्का असेल तर वर्षभर आधी विकायला काढा. छप्पर उघडणाऱ्या गाडीला इंग्लंडमध्ये वसंतात गिऱ्हाईक लवकर मिळतं, आणि आयएमएसचं बिल फाइलला असेल तर जास्तच.