वडील गेले, पेन्शन बुकात आईचं नाव वेगळं, फॅमिली पेन्शनसाठी काय करावं?

वाईकर_७९
नमस्कार मंडळी. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून रिटायर झालेले, मागच्या महिन्यात ७६व्या वर्षी गेले. पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली) आहे. आईचं फॅमिली पेन्शन सुरू करायला गेलो तर पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा कागद) नाव शकुंतला आणि आधार, पॅन, बँक सगळीकडे शकुबाई. जन्मतारखेचा पण घोळ आहेच. एक एजंट म्हणतो दहा हजार द्या महिन्यात करून देतो. कुणी केलंय का हे काम?

जुना_हवालदार
एजंटला एक रुपया देऊ नका. आधी वडिलांचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं सेवा पुस्तक) शोधा, बायकोचं नाव आणि जन्मतारीख काय लिहिलीय ते बघा, कारण रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, तेच धरून चालतं. तुमचं रेकॉर्ड बेळगावला. त्या काळी क्लार्कने जे ऐकलं ते लिहिलं, माझ्या मिसेसची पण तीच गत होती. दोन्ही नावं एकाच बाईची असं आईचं अॅफिडेव्हिट करा, सोबत आधार, पॅन, मृत्यू दाखला, पीपीओची झेरॉक्स, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून फाइल पुढे पाठवा. स्वतः पोस्टाने पाठवली तरी चालते पण त्यांच्या शिक्क्याने जाते तेव्हा जरा वजन पडतं. रेकॉर्डवाले दुरुस्ती करून प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसला कळवतात.

आणि मृत्यूनंतर खात्यात पेन्शन जमा होत राहिली असेल तर हात लावू नका, वसुली निघते मग आईच्याच पेन्शनमधून कापतात.

सई_खडकी
दादा, रक्कम किती बसेल याचा अंदाज आत्ताच आईला सांगून ठेवा. वाढीव ५० टक्क्यांचा दर वडील ६७ पूर्ण होण्याआधी गेले असते तर लागला असता, आता साधा दर म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांप्रमाणे. पण किमान ९००० आणि वर महागाई भत्ता. माझ्या सासूबाईंना वाटलं होतं पूर्ण पेन्शन मिळणार, पासबुक बघून दोन दिवस जेवल्या नाहीत.

ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) विसरू नका. आईचं स्वतःचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकला जाऊन वडिलांचं कार्ड बंद आणि आईचं अपडेट करून घ्या, कधी अॅडमिट करायची वेळ आली तर तेव्हा पळापळ नको.

कराडचा_मास्तर
घरपट्टी पण बघा. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना राज्यात एका घराची घरपट्टी माफ आहे, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना, २०२० पासून. ग्रामपंचायतीत सैनिक कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज द्यायचा. ग्रामसेवकाला माहीत नसेल तर जीआरची प्रिंट घेऊन जा, आमच्याकडे प्रिंट टेबलावर ठेवली तेव्हाच भाऊसाहेब हलले.

वाईकर_७९
खूप आभार सगळ्यांचे. डिस्चार्ज बुक सापडलं, ट्रंकेत होतं, त्यात आईचं नाव 'शकुंतलाबाई'. म्हणजे आता तीन नावं झाली 😅 हवालदार काका, अॅफिडेव्हिटमध्ये तिन्ही घालायची का?

जुना_हवालदार
हो, तिन्ही घाला, एकाच अॅफिडेव्हिटमध्ये. सोमवारी जा, सकाळी.