पोळा बैलाचा, आणि कासरा धरणाऱ्याचा? तुमचे अनुभव लिहा

पोळा तोंडावर आला की झूल, बेगड, बाशिंग, घुंगरमाळा यांवर सगळेच लिहितात. मला विचारायचंय ते कासरा धरून उभ्या असलेल्या माणसाबद्दल. तुमच्या गावात त्या दिवशी गड्याचं काय होतं? बघितलेलं लिहा, ऐकीव नको.

सुरुवात मी करतो. आमचं गाव वर्ध्याकडचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं आणि म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ आमचे गडीकाका हे बैलाच्या अगदी कानाशी जाऊन म्हणायचे. बाजूला उभं राहूनही ऐकू यायचं नाही. एकदा मी विचारलं, ‘काका, तुम्हाला आवतण कोण देतं?’ ते हसले आणि दुसऱ्या बैलाकडे वळले.

यवतमाळ
माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, पोळ्याला कपडे मिळायचे. आधी धोतर-टोपी, पुढे पँटपीस. शिलाईचे पैसे कोण देणार? आईच्या पेटीत तीन पँटपीस घडी न मोडता पडून होते. गावचे बैल जमतात त्या तोरणाखाली मात्र वडिलांचा रुबाब बघावा! झडत्या, म्हणजे पोळ्याची खोचक गाणी, सुरू झाल्या की ‘हर बोला हर हर महादेव’ला त्यांचा आवाज सगळ्यात वर. झडतीत कापसाच्या भावापासून सावकारापर्यंत कुणीच सुटायचं नाही, आणि त्या दिवशी मालकालाही ते हसून ऐकावं लागायचं. तोरण तुटलं की बैल घेऊन घरोघर. ओवाळणं बैलाचं, बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, गड्याच्या हातात. त्या चिल्लरीतून येताना आम्हाला जिलबी यायची.

यवतमाळवाल्यांना
बोजाऱ्यावरून आठवलं. मी मालकाच्या घरचा. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल ओढत फिरलो की मला आमच्या गड्यापेक्षा जास्त बोजारा जमायचा. तेव्हा मजा वाटायची.

इचलकरंजी
आमच्याकडे पोळा नाही, बेंदूर. तोही कर्नाटकी, ज्येष्ठ पौर्णिमेचा. बाकी कोल्हापूरकडे महाराष्ट्री बेंदूर आषाढात. पण कामगाराचा सण म्हणाल तर आमची खंडेनवमी. एरवी दिवसरात्र खडखडणारे कापडाचे माग त्या दिवशी गप्प. वहिफणीवाले, कांडीवाल्या, जॉबर असे मागावरचे सगळे कामगार आंघोळ करून स्वच्छ कपड्यांत. माग पुसून त्यांना झेंडूचे हार. कानाला ती शांतता इतकी परकी वाटते की आमच्या आजोबांना दुपारी झोप लागायची नाही. हार मागाला, पेढा माणसाला. हिशेब तुमच्यासारखाच.

बुलढाणा
२०२३ला लंपी या गुरांच्या साथीमुळे बैल एकत्र आणायचे नव्हते. गोठ्यातच पूजा केली. तोरण नाही, झडत्या नाहीत, बोजाराही नाही. बैलाला काही फरक पडला नाही, गड्याला पडला.

अमरावती
आमच्याकडे आता बैलच नाहीत. ट्रॅक्टरला हार घालतो, नारळ फोडतो. आमचा ड्रायव्हर भारी माणूस आहे. गेल्या वर्षी बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, ‘भाऊ, आवतण द्याचं कुठी? याले त कानच नाई!’ शेवटी सायलेन्सरपाशी तोंड नेऊन देऊन आला. पुरणपोळीला पहिला तोच बसला.

वर्धा, सासरहून
सगळे गडीमाणसांबद्दलच लिहिताय. निंदणाऱ्या बाया कुठे गेल्या? पोळ्याच्या सुमारास कपाशीत निंदण चालू असतं, चिखलात दिवसभर वाकून. त्यांना ना तोरण, ना बोजारा. सणादिवशी खाडा, म्हणजे रोजही बुडाला. सासूबाई उरलंसुरलं पुरण द्यायच्या, तेही मागच्या दारानं. मी मागच्या पोळ्याला आदल्या संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर गेले आणि पाचही जणींना जेवायचं आवतण दिलं. थोडा वेळ कुणी बोलेना. मग एकीनं विचारलं, ‘ताई, डबा आणू, का बसून जेवाचं हाये?’